ट्वाइन: वर्गात कथा लिहायला शिकवण्यासाठी किती कामाचं?

विद्यार्थ्यांच्या कथांमध्ये सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे 'मग'. मग तो उठला, मग बाहेर गेला, मग पाऊस आला, मग एक म्हातारा भेटला. घटना भरपूर असतात, पण एकीमुळे दुसरी घडली असं कुठेच होत नाही. कोणतीही दोन वाक्यं मागेपुढे केली तरी काही बिघडत नाही. फळ्यावर 'कार्यकारणभाव' असं लिहून हे सुटत नाही. 'पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे' असं दहा वेळा सांगूनही सुटत नाही, कारण ते 'काहीतरी' पात्राने निवड केल्याशिवाय दिसतच नाही. ट्वाइन हे साधन नेमक्या या दुखण्यावर लागू पडतं. बाकीच्या दुखण्यांवर ते फारसं चालत नाही, आणि एक-दोन नवीही आणतं. म्हणून हे परीक्षण जरा लांबलं आहे.

ट्वाइन म्हणजे सुतळी. क्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये आणलं आणि २०१४ च्या सुमारास ट्वाइन २ आलं. आज वापरात आहे ते हेच. साधन मोफत आणि मुक्त-स्रोत आहे. खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, विद्यार्थ्याचं नाव किंवा ईमेल कुणी मागत नाही. ते थेट ब्राउझरमध्ये चालतं, किंवा विंडोज, मॅक आणि लिनक्सवर बसवता येतं. त्यात वाचकाने निवड करत पुढे जायच्या कथा लिहिता येतात. एक प्रसंग वाचायचा, खाली दोन पर्याय, एकावर टिचकी मारली की पुढचा प्रसंग. लिहिणाऱ्याला मात्र पडद्यावर एक नकाशा दिसतो: प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन, आणि चौकोनांना जोडणारे बाण.

चौकोनावर दोनदा टिचकी मारली की मजकुराची खिडकी उघडते. पुढे जायचा पर्याय लिहायला दुहेरी चौकटी कंस वापरायचे:

[[दिवा न लावता आत जा->अंधार]]
[[मावशीला हाक मार->हाक]]

बाणाच्या आधीचा मजकूर वाचकाला दिसतो, बाणानंतरचं त्या चौकोनाचं नाव असतं. 'अंधार' नावाचा चौकोन नसेल तर ट्वाइन तो आपोआप तयार करून खाली मांडतं. यंत्रावरच्या पहिल्या तासाला एवढंच शिकवायचं. चल (म्हणजे व्हेरिएबल, ट्वाइनने लक्षात ठेवायची नोंद), अट, स्टाइलशीट वगैरे गोष्टी मुलांना दिसतातच आणि दोघं-तिघं तिकडे पळतातही, पण ज्याने पहिल्याच दिवशी अक्षरांना रंग दिला त्याची कथा आठवड्याभरात चार ओळींच्या पुढे सरकत नाही. सजावट यंत्रावरच्या शेवटच्या तासाला, आणि तीही वेळ उरला तर.

खरी किंमत आहे ती नकाशाची. कागदावरच्या ४० वह्या तपासताना कथेची रचना कुठे ढासळली हे कळायला प्रत्येक कथा पूर्ण वाचावी लागते. ट्वाइनमध्ये विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभं राहून पाच सेकंद नकाशा पाहिला तरी दुखणं कळतं. चौकोन एकाखाली एक सरळ रांगेत असतील तर तिथे जुनी 'मग-मग'ची कथाच चालू आहे, फक्त पानं उलटायला टिचकी मारायची. वरून सुरू होऊन खाली झाडूसारखे फाटे फुटलेले असतील तर विद्यार्थी प्रत्येक शक्यतेमागे धावतोय आणि आता दमणार आहे. पहिल्या चौकोनातून निघालेले चारपैकी तीन बाण लगेच संपत असतील तर तीन वाटांवर वाचकाला मारून टाकलेलं आहे. आणि बाण नसलेले सुटे चौकोन दिसले तर दोन शक्यता: एकतर नाव बदलल्यावर जुना चौकोन मागे राहिला, किंवा लिहिलेला एखादा आवडता प्रसंग कथेत बसेना म्हणून बाजूला ठेवलाय. दुसऱ्या प्रकाराबद्दल विद्यार्थ्याला जरूर विचारा. बऱ्याचदा खरी कथा त्याच चौकोनात असते.

झाडूबद्दल थोडं गणित, कारण इथेच बहुतेक वर्ग आपटतात. प्रत्येक प्रसंगाला दोन पर्याय आणि वाचकाला पाच वेळा निवड, हा आराखडा ऐकायला अगदी माफक वाटतो. पण चौकोन होतात १, २, ४, ८, १६, ३२, म्हणजे एकूण ६३. प्रत्येकी ८० शब्द धरले तर ५,०४० शब्द लिहायचे, आणि एका वाचनात वाचक त्यातले फक्त सहा चौकोन, म्हणजे ४८० शब्द वाचणार. तिसऱ्या पातळीपर्यंत विद्यार्थी उत्साहाने लिहितो, चौथ्या पातळीवर चौकोनात एकेक वाक्य उरतं, पाचवीवर 'तू हरलास' आणि 'तू जिंकलास'. याला आळस म्हणू नका. आराखडाच मुळात पेलण्यासारखा नव्हता.

उपाय जुना आहे: फाटे फुटू द्या, पण पुन्हा एकत्र आणा. वर्गासाठी १२ चौकोनांचा साचा चांगला चालतो. सुरुवातीचा एक, त्यातून दोन, ते दोन्ही एका चौकोनात मिळतात, तिथून पुन्हा दोन, ते पुन्हा एकात, तिथून शेवटचे दोन, आणि त्यांतून तीन शेवट, त्यातला मधला शेवट दोन्ही वाटांनी गाठता येणारा. मोजून १२. प्रत्येकी ८० शब्दांनी ९६० शब्द लिहून होतात आणि वाचक एका खेपेला सात चौकोन, म्हणजे ५६० शब्द वाचतो. लिहिलेल्यातलं अर्ध्याहून अधिक वाचलं जातं, म्हणून प्रत्येक चौकोन नीट लिहायची उमेद टिकते. शब्दांची मर्यादा ६० ते ९० ठेवा. ६० च्या खाली प्रसंग उभा राहत नाही. ९० च्या वर गेलं की मुलं दोन प्रसंग एकाच चौकोनात कोंबू लागतात.

वाटा मिळतात त्या चौकोनात मात्र एक सापळा आहे, आणि तोच शिकवायला सर्वांत उत्तम आहे. समजा एका वाटेवर पात्राने किल्ली उचलली आणि दुसऱ्या वाटेवर उचलली नाही. दोन्ही वाटा अंगणात मिळतात आणि विद्यार्थी लिहितो, 'हातातली किल्ली घट्ट धरून तिने कुलूप पाहिलं.' दुसऱ्या वाटेने आलेल्या वाचकाला ही किल्ली कुठून आली ते कळत नाही. कागदावरच्या कथेत अशी चूक झाली की लाल शाईत 'सुसंगती नाही' असा शेरा मिळतो आणि विद्यार्थी तो वाचून पान उलटतो. इथे ती चूक शेजारच्या बाकावरचा वाचक मोठ्याने विचारतो: 'कुठली किल्ली?' यावर तीन मार्ग आहेत. मिळणारा चौकोन असा लिहायचा की तो दोन्ही वाटांना लागू पडेल. नाहीतर किल्ली दोन्ही वाटांवर आधीच येईल अशी सोय करायची. किंवा चल वापरून ट्वाइनला लक्षात ठेवायला लावायचं. पहिले दोन मार्ग लेखनाचे आहेत, तिसरा यंत्राचा. निदान पहिल्या कथेत तिसऱ्याला बंदी घाला. पहिल्या मार्गाने गेलेला विद्यार्थी 'वाचकाला या क्षणी काय माहीत आहे' हे प्रत्येक वाक्याला विचारू लागतो, आणि ही सवय पुढे सरळ कथेतही टिकते.

दुसरी जागा निवडीच्या मजकुराची. 'डावीकडे जा' आणि 'उजवीकडे जा' ही निवडच नव्हे, ते नाणं उडवणं आहे. वाचकाला दोन्हीकडे काय आहे ते माहीत नाही, पात्राला काय हवंय तेही माहीत नाही, मग तो कशाच्या जोरावर निवडणार? चांगल्या निवडीत दोन्ही बाजूंना सबळ कारण असतं आणि दोन्ही बाजूंनी काहीतरी गमवावं लागतं. 'भावाचं पत्र फोडून वाच' आणि 'पत्र तसंच उशीखाली ठेव': इथे एकीकडे विश्वास जातो, दुसरीकडे कदाचित वेळ. सोपी कसोटी अशी: शेजारच्याला निवड दाखवायची. तीन सेकंदांच्या आत त्याने विचार न करता टिचकी मारली तर ती निवड पुन्हा लिहायची. आणखी एक नियम काटेकोर पाळायला लावा: चौथ्या चौकोनाच्या आधी कुणी मरायचं नाही. हा नियम नसेल तर वर्गातल्या निम्म्या कथा दुसऱ्या टिचकीला दरीत कोसळून संपतात.

आता मराठीचा प्रश्न. तो इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही. या प्रकारच्या कथा बहुधा द्वितीय पुरुषात लिहितात: वाचक हाच नायक. इंग्रजीत ते सहज जमतं, कारण तिथे क्रियापद लिंग दाखवत नाही. मराठीत 'तू खोलीत शिरलास' लिहिलं की अर्धा वर्ग बाहेर राहिला, 'शिरलीस' लिहिलं की उरलेला अर्धा. 'तू घाबरतोस' की 'घाबरतेस'? विद्यार्थी सवयीने पुल्लिंग लिहितात आणि त्यांच्या ते ध्यानातही येत नाही. सकर्मक भूतकाळात सुटका आहे, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'तू पत्र वाचलंस', 'तू दार लोटलंस'. भविष्यकाळही चालतो: 'तू आत जाशील'. आज्ञार्थ तर निवडीच्या ओळींसाठी नेमकाच आहे. 'तुम्ही शिरलात', 'तुम्ही घाबरता' या रूपांत लिंग दिसत नाही, पण कथेला सरकारी सूचनेचा वास येतो, आणि 'तुम्ही एकटे आहात' म्हटलं की लिंग पुन्हा डोकावतंच. आमचा सल्ला: पहिली कथा तृतीय पुरुषात लिहायला लावा, पात्राला नाव द्या, वाचक त्या पात्राच्या वतीने निवड करेल. ज्यांना द्वितीय पुरुषाचा हट्ट आहे त्यांना वरच्या पळवाटा शोधू द्या. व्याकरणाच्या तासाला जो प्रयोग कोरडा वाटतो, तो इथे कामाला येतो.

टंकलेखनाच्या अडचणी थोड्या क्षुल्लक, पण तास खाणाऱ्या आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर चौकटी कंसाच्या कळांवर 'ड' आणि नुक्ता बसलेले आहेत, आणि बाणाच्या टोकाच्या कळीवर दंड. म्हणजे प्रत्येक पर्याय लिहिताना कळफलक इंग्रजीवर न्यावा लागतो, मग परत मराठीवर. ४० मिनिटांच्या तासात यात दहा मिनिटं सहज जातात. यावर साधी युक्ती: फलक इंग्रजीवर ठेवून रिकामा पर्याय, म्हणजे कंस आणि बाण, एकदाच टंकायचा, त्याची नक्कल करून ठेवायची आणि जिथे हवा तिथे डकवून मध्ये मराठी भरायचं.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे 'ऱ्या'. 'दुसऱ्या खोलीत' या नावाचा चौकोन आहे, पर्यायातही 'दुसऱ्या खोलीत' लिहिलंय, डोळ्यांना काही फरक दिसत नाही, तरी बाण तिथे जात नाही, तशाच दिसणाऱ्या नावाचा दुसरा रिकामा चौकोन उगवतो. कारण हे अक्षर दोन रीतींनी संगणकात साठतं: एकदा 'ऱ' या स्वतंत्र वर्णापासून, एकदा साध्या 'र'ला हलन्त लावून मागे अदृश्य जोडचिन्ह घालून. एका विद्यार्थ्याने एका कळफलकावर नाव दिलं आणि जोडीदाराने दुसऱ्या कळफलकावर पर्याय लिहिला, की ट्वाइनच्या लेखी ती दोन वेगळी नावं. 'खोली १' आणि 'खोली 1' यांचंही तेच. त्यामुळे चौकोनांची नावं एका साध्या शब्दाची ठेवा: अंधार, हाक, अंगण, विहीर. रफार, ऱ्य, आकडे नावात नकोत. एखादा चौकोन पुसला गेला तर त्याकडे जाणारा तुटलेला बाण नकाशावर लाल दिसतो आणि स्टोरीच्या डिटेल्समध्ये तुटलेल्या दुव्यांची संख्याही मिळते. तास संपायच्या आधी तो आकडा शून्य आहे ना आणि नकाशावर रिकामा जुळा चौकोन नाही ना, एवढं प्रत्येकाने पाहायचं.

कथा वाचकाला कशी दिसेल आणि चालेल ते ठरवणारा स्टोरी फॉरमॅट, हाही तुम्हीच ठरवा, मुलांवर सोडू नका. आपोआप येतो तो हार्लो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, बाजूला मागे-पुढे जायचे बाण. हे मागे जायचे बाण लेखन शिकवण्याच्या आड येतात, कारण वाचक निवड करतो, परिणाम पाहतो, नको वाटला की परत जातो. ज्या निवडीचं ओझं वाहावं लागत नाही तिची कथा होत नाही. शिवाय हार्लोत लागोपाठ दोन एकेरी अवतरणचिन्हं म्हणजे ठळक अक्षरं. दुहेरी अवतरणाऐवजी दोनदा एकेरी मारायची सवय असलेल्या विद्यार्थ्याचे सगळे संवाद ठळक होऊन बसतात आणि कारण कुणाला कळत नाही.

वर्गासाठी चॅपबुक हा फॉरमॅट अधिक बरा: उजळ पान, वाचायला सुसह्य, मागे जायची सोय मुद्दाम घातल्याशिवाय येत नाही. त्याच्याही दोन खोड्या आहेत. संवाद आडव्या रेषेने सुरू करायची पद्धत वापरली (- कोण आहे तिकडे?) तर त्याची ठिपक्यांची यादी होते, म्हणून अवतरणचिन्हंच वापरायची. दुसरी खोडी जास्त धोक्याची. प्रसंग बदलला हे दाखवायला एखाद्याने स्वतंत्र ओळीवर नुसत्या दोन आडव्या रेषा मारल्या, तर चॅपबुक त्याच्या वरचा सगळा मजकूर चलांची नोंद समजतं आणि वाचकाला दाखवत नाही. मजकूर पुसला गेलेला नसतो, संपादनाच्या खिडकीत तो तसाच असतो. त्या दोन रेषा काढा, परिच्छेद परत येतो. मुलाचा रडकुंडीला आलेला चेहरा पाहण्याआधी हे सांगून ठेवलेलं बरं.

साठवण हा ट्वाइनचा सर्वांत कच्चा दुवा आहे. ब्राउझरमधली आवृत्ती कथा कुठल्याही सर्व्हरवर पाठवत नाही. ती त्याच संगणकावरच्या त्याच ब्राउझरच्या पोटात राहते. खासगीपणाच्या दृष्टीने छान, संगणक कक्षाच्या दृष्टीने भयंकर. रोज रात्री साफ होणारे संगणक, खासगी खिडकी, कुणीतरी ब्राउझरचा इतिहास पुसणं, पुढच्या तासाला वेगळ्या यंत्रावर बसणं: यातलं काहीही झालं की कथा नाही. सफारी ब्राउझरमध्ये तर सात दिवस त्या संकेतस्थळावर कुणी काही केलं नाही तर असा साठा आपोआप काढला जाऊ शकतो, म्हणजे आठवड्यातून एकच तास असेल तर तुम्ही अगदी कडेवर आहात. म्हणून तास संपायच्या सात मिनिटं आधी सगळ्यांचं लिखाण थांबवायचं आणि बिल्डमधून पब्लिश टू फाइल करायला लावायचं. एक एचटीएमएल फाइल मिळते. तिच्या नावात तारीख आणि जोडीचा क्रमांक घालून पेनड्राइव्हवर किंवा शाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची. ही फाइल वाचताही येते आणि लायब्ररीत इम्पोर्ट करून पुन्हा संपादितही करता येते. पुढचा तास इम्पोर्टनेच सुरू होतो. संगणकावर बसवलेली आवृत्ती कथा डॉक्युमेंट्समधल्या ट्वाइनच्या फोल्डरमध्ये ठेवते, त्यामुळे ती अधिक भरवशाची. कक्षप्रमुखांना विनंती करून तीच बसवून घ्या.

एकाच कथेवर दोघांनी दोन यंत्रांवरून एकाच वेळी काम करणं ट्वाइनमध्ये होत नाही. म्हणून दोघांना एक यंत्र, एक टंकतो आणि दुसरा मोठ्याने वाचतो, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. वाचणारा केवळ प्रेक्षक नाही. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अडखळण्याच्या जागा लगेच कळतात.

सात तासांचा आराखडा साधारण असा बसतो. पहिले दोन तास यंत्राला हात लावायचा नाही. प्रत्येक जोडीला १२ कोरी कार्डं आणि हातभर सुतळी. कार्डावर एका ओळीत प्रसंग, सुतळीने वाटा. कार्ड उचलून दुसरीकडे ठेवणं सोपं असतं, टंकलेला परिच्छेद खोडणं जिवावर येतं, म्हणून रचनेतल्या चुका इथेच होऊ द्यायच्या. दुसऱ्या तासाच्या शेवटी प्रत्येक निवडीच्या कार्डामागे लिहायचं: या पर्यायात पात्र काय मिळवायला पाहतंय, काय गमावतंय. हे लिहिता आलं नाही तर कार्ड रद्द. तिसरा, चौथा, पाचवा तास टंकलेखनाचा. मिनिटाला दहा शब्दांचा वेग धरला तर ९६० शब्द नुसते टंकायला ९६ मिनिटं लागतात, त्यामुळे तीनपेक्षा कमी तासांत हे होत नाही. बोलून टंकायची सोय वापरली तर वेग वाढतो, पण विरामचिन्हं आणि संवाद हाताने बसवावे लागतात, आणि वाचलेला वेळ बहुधा त्यातच जातो. सहावा तास वाचनाचा: फायली अदलाबदल करायच्या, वाचणाऱ्याने कुठल्या वाटेने गेला ते कागदावर टिपायचं आणि जिथे गोंधळला तिथे चौकोनाचं नाव लिहायचं. लेखकाने गप्प बसायचं. हे सर्वांत अवघड आहे, पण 'अरे, म्हणजे मला असं म्हणायचं होतं' या वाक्याला परवानगी दिली की तासाचा उपयोग संपला.

तपासणीसाठी बिल्डमधलं प्रूफ वापरा. ते सगळे चौकोन नावांसह एकाखाली एक सरळ मजकुरात देतं, छापून लाल पेनाने तपासता येतं. ट्वाइनमध्ये शेरे लिहायची वेगळी सोय नाही, पण चौकोनाला टॅग आणि टॅगला रंग देता येतो. फाइल इम्पोर्ट करून लाल टॅग म्हणजे पुन्हा लिहा, पिवळा म्हणजे बोलू, असं ठरवलं की नकाशा उघडताच विद्यार्थ्याला काम दिसतं. गुण देताना शेवटांची संख्या मोजू नका. दोन गोष्टींना गुण ठेवा: प्रत्येक निवडीत दोन्ही बाजूंना वजन आहे का, आणि वाटा मिळतात तिथले चौकोन दोन्हीकडून खरे वाटतात का.

आता ट्वाइन काय शिकवत नाही ते. वाक्य शिकवत नाही. चौकोन छोटा, वाचक टिचकी मारायला उतावीळ, त्यामुळे वर्णन सुकतं आणि प्रत्येक प्रसंग 'आता काय करशील?' या सुरात संपतो. सलग दोन कथा ट्वाइनवर लिहून घेतल्या तर हा सूर वहीतल्या कथांमध्येही घुसतो. वेळ कसा जातो, एखादा क्षण लांबवायचा कसा, मौन कुठे ठेवायचं, हे इथे जमत नाही. शेवटही कच्चे राहतात, कारण तीन शेवट असले की एकावरही पूर्ण मन लागत नाही. आणि सुरुवातीला कल्पनाच सुचत नसेल तर कोरा चौकोन कोऱ्या पानाइतकाच भीती दाखवतो. त्या कामाला चित्रांचे फासे बरे. रोरीज स्टोरी क्यूब्जमध्ये नऊ फासे आणि ५४ चित्रं असतात, नऊही टाकले तर १,००,७७,६९६ मांडण्या होतात. पण नऊ चित्रं एका कथेत कोंबायला सांगितलं की 'मग-मग' परत आलंच. तीनच फासे टाका, आणि एक चित्र पात्राची इच्छा, एक अडथळा, एक वस्तू असं आधीच ठरवून घ्या. त्यावरून पहिलं कार्ड लिहून होतं. पुढचं काम ट्वाइनचं.

प्राथमिक वर्गांसाठी ते घाईचं ठरेल. सुतळी आणि कार्डं तिथे पुरेशी आहेत. फोनच्या छोट्या पडद्यावर कथा वाचता येते, लिहिणं मात्र नकोसं होतं. चित्रं घालायची तर ती फाइलच्या आत आपोआप बसत नाहीत. वेगळी पाठवली नाहीत तर वाचकाला तुटक्या चित्राची खूण दिसते. शिक्षकाला प्रोग्रॅमिंग यायला हवं का? नाही, वर सांगितल्यापुरतं तरी नाही.

सातवा तास मात्र गाळू नका. बहुतेक जण तोच गाळतात. त्या दिवशी यंत्र बंद. प्रत्येकाने, जोडीने नव्हे, आपल्या नकाशातली एकच वाट निवडायची आणि वहीत सरळ कथा म्हणून ती पुन्हा लिहायची, ५६० शब्दांची ८०० होऊ द्यायची. पर्याय काढून टाकायचे, पण न निवडलेली वाट पुसायची नाही. तिने पत्र उशीखाली ठेवलं तर 'फोडलं असतं तर' हा विचार कुठेतरी एका वाक्यात, एका हालचालीत येऊ द्यायचा: उशी पुन्हा पुन्हा सरळ करणं, दिवा मालवायला उशीर. हे लिहून झाल्यावर त्याच विद्यार्थ्याची महिन्यापूर्वीची कथा काढून शेजारी ठेवा आणि दोन्हींतले 'मग' मोजायला सांगा.